मरणाऱ्याच्या भरवशावर: ‘कॅप्टन ब्लड’च्या धर्तीचं तलवार-द्वंद्व कसं बसवावं

‘कॅप्टन ब्लड’ (१९३५) या हॉलिवूडच्या चाचेपटातलं समुद्रकिनाऱ्यावरचं द्वंद्व पाहताना नजर नायक झालेल्या एरॉल फ्लिनवर राहते, पण प्रसंग तोलून धरलेला असतो खलनायक झालेल्या बॅसिल रॅथबोनने. हॉलिवूडमधली फ्लिनची ही पहिलीच मुख्य भूमिका होती. तलवार त्याच्या हातात शोभायची, पण मुरलेली नव्हती. रॅथबोन मात्र त्या काळच्या नटांमध्ये नावाजलेला तलवारबाज. तरीही कथेत मरायचं रॅथबोननेच, वाळूत उताणं पडून, अंगावरून लाटा जाताना. द्वंद्व बसवणाऱ्याने यातून घ्यायची गोष्ट अशी की दोघांतला ज्याचा हात जास्त तयार आहे त्याला हरणाऱ्याची भूमिका द्यावी. मागे सरणारा माणूस अंतर राखतो, वेग ठरवतो आणि शेवटचा वार खरा वाटायला लावतो. जिंकणाऱ्याला बरंचसं दिसायचं काम असतं.

ही द्वंद्वं बसवणारे फ्रेड कॅव्हेन्स मूळचे बेल्जियमचे. डग्लस फेअरबँक्सच्या ‘द ब्लॅक पायरेट’ (१९२६) पासून ‘द सी हॉक’ (१९४०) पर्यंत चाचेपटांच्या तलवारबाजीवर त्यांची छाप आहे. त्यांचं सूत्र सोपं होतं. खेळाच्या तलवारबाजीत हालचाल जितकी लहान तितकी चांगली. पडद्यावर तीच हालचाल मोठी करायची, पण चुकीची करायची नाही. नुसती मोठी केली की ती दांडपट्ट्याची नक्कल वाटते, नुसती अचूक ठेवली की काही दिसतच नाही.

पुढची सगळी मापं साठ ते पंचाहत्तर सेकंदांच्या, दोन माणसांच्या, किनाऱ्यावर चित्रित करायच्या द्वंद्वासाठी आहेत. रंगमंचावर जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे. दोघेही नवखे असतील तर फाइट मास्टरशिवाय सुरुवात करू नका. मजकूर वाचून पवित्रा कळतो, पण दुसऱ्याच्या खांद्यात आलेला ताण वाचता येत नाही, आणि अपघात तिथूनच सुरू होतो.

तलवारी

सतराव्या शतकातले कॅरिबियन समुद्रावरचे चाचे आखूड, रुंद पात्याची कटलास वापरत. जहाजाच्या दाटीवाटीत तीच सोयीची. हॉलिवूडने नायक-खलनायकांच्या हातात सरळ, लांब, हलकी पाती दिली, कारण ती वेगाने फिरतात आणि दोघांमध्ये कॅमेऱ्याला दिसेल इतकी मोकळी जागा ठेवतात. इतिहासाच्या दृष्टीने हे चूक आहे, पण या जातीच्या चित्रपटाची तीच भाषा आहे. द्वंद्वाला लांब पातं आणि गर्दीच्या लढाईला कटलास, अशी वाटणी करा.

पातं ८५ ते ९० सेंटिमीटर, एकूण वजन ७०० ते ९०० ग्रॅम. याहून जड तलवार तिसऱ्या टेकनंतर मनगटाला ओढायला लागते आणि वार थांबायच्या जागी थांबत नाही. कडा निदान २ मिलिमीटर जाड आणि गोलसर, टोक ८ ते १० मिलिमीटर रुंद आणि पूर्ण गोल. फेन्सिंगच्या सामानात मिळणाऱ्या एपे नावाच्या तलवारीचं पातं जास्तीत जास्त ९० सेंटिमीटरचं असतं आणि पूर्ण तलवार ७७० ग्रॅमच्या आत बसते. सरावाला ती उत्तम. कॅमेऱ्यासमोर मात्र तिचं निमुळतं पातं उजळ आकाशापुढे नाहीसं होतं, म्हणून पार्श्वभूमीला काळा कातळ किंवा गडद कपडे ठेवा, नाहीतर थोडं रुंद पातं घडवून घ्या. टोकावरचं स्प्रिंगचं बटण काढून तिथे गोल टोपी पक्की बसवा.

भेट म्हणून मिळणाऱ्या शोभेच्या तलवारी वापरूच नका. त्यांचं पातं स्टेनलेसचं असतं आणि मुठीच्या आत गेलेला भाग म्हणजे बहुधा मागे जोडलेली बारीक आट्यांची सळई. दहा-वीस टकरींनंतर ती जोडापाशी तुटते आणि पातं समोरच्याच्या किंवा कॅमेरामनच्या दिशेने उडतं. तपासायला मुठीच्या टोकाची गाठ उघडा. पात्याचं पोलाद अखंड, निदान बोटभर रुंद राहून मुठीच्या शेवटपर्यंत गेलेलं दिसायला हवं. मग मूठ धरून पात्यावर लाकडी दांड्याने हलका ठोका द्या. ‘झर्र’ असा सैल आवाज आला तर कुठेतरी हलतंय. लोहाराकडून करवून घेणार असाल तर गाडीच्या कमानपट्टीचं स्प्रिंग पोलाद, म्हणजे ईएन ४५ च्या जातीचं, चालतं. पण त्यावर नंतर वेल्डिंग करू देऊ नका. वेल्डिंगशेजारचा पट्टा ठिसूळ होतो आणि वरून काही कळत नाही. अ‍ॅल्युमिनियमचं पातं हलकं आणि स्वस्त असतं, तुटण्याआधी वाकतंही, पण कडा पटकन खरवडतात आणि आवाज मेलेला येतो. पोलादाविरुद्ध अ‍ॅल्युमिनियम तर कधीच नको. मऊ पात्याचे दोन दिवसांत करवतीसारखे दाते निघतात.

दर सरावाआधी कापसाचा बोळा पात्याच्या दोन्ही कडांवरून फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे कूस, म्हणजे धातूचा बारीक काटा, आहे. सपाट कानस आणि मग २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून ती काढा. ही कूस तळहात फाडते, म्हणून दोघांनाही कातडी हातमोजे हवेतच.

एक कायद्याची बाजू. नऊ इंचांहून लांब पात्याच्या धारदार हत्यारांना हत्यार नियम लागू होतात. तुमच्या तलवारी बोथट असल्या तरी लांबून ते कोणाला कळत नाही. पोलिस ठाण्यात आणि गावच्या पंचायतीत आधी लेखी कळवा, प्रवासात तलवारी गुंडाळून न्या आणि पत्राची प्रत सेटवर ठेवा.

वीतभर अंतर

दोघं समोरासमोर पवित्र्यात उभे. एकाने हात पूर्ण लांब करून, पुढचा पाय टाकून लंज करायचा. त्या टोकापासून समोरच्याच्या छातीपर्यंत वीतभर, म्हणजे २० ते २२ सेंटिमीटर, जागा उरली पाहिजे. हेच तुमचं मूळ अंतर. तलवार, बूट किंवा जोडीदार बदलला की ते पुन्हा मोजायचं. पॅरी करणारा, म्हणजे आपल्या पात्याने वार अडवणारा, आपलं पातं पुढे आणतो, म्हणून टक्कर या मोकळ्या जागेत होते; अंगाजवळ काहीच होत नाही. नवख्या माणसाला हे अंतर फार वाटतं आणि तो आपोआप आत सरकतो. कॅमेरा ती जागा कशी खाऊन टाकतो ते पुढे येईल.

वार कुठे रोखायचा, यात सगळ्यात जास्त चुका होतात. नवखा समोरच्याच्या तलवारीवर मारतो. त्यामुळे वार खोटा दिसतो, आणि पॅरी थोडी उशिरा आली तर पातं सरळ बोटांवर उतरतं. वार नेहमी शरीराच्या दिशेने, पण शरीराच्या किंचित बाहेर रोखायचा: खांद्याचा वार दंडाच्या बाहेरच्या कडेला, कमरेचा वार कुल्ह्याच्या हाडाबाहेर. टोकाचा वार बेंबीच्या वर कधीच नाही; अपवाद फक्त शेवटच्या वाराचा, तो पुढे येईल. चेहऱ्याकडे टोक जायचंच नाही, विनोद म्हणूनही नाही.

प्रत्येक चालीचा क्रम असा: नजर, इशारा, पॅरी, वार. वार करणारा आधी डोळ्यांत बघतो, मग तलवार मागे नेऊन कुठे वार येणार ते दाखवतो. समोरचा पॅरीला निघतो, आणि त्यानंतरच वार पुरा होतो. सरावात चालीचा आकडा वार करणाऱ्याने म्हणायचा नाही, पॅरी करणाऱ्याने म्हणायचा. पावलांचंही तेच: मागे जाणारा आधी पाय उचलतो, पुढे येणारा त्याच्यामागून जातो. पडद्यावर पाठलाग दिसतो आणि प्रत्यक्षात लगाम पळणाऱ्याच्या हातात असतो. मागचा माणूस अडखळला तर पुढचा आपोआप थांबतो, कारण त्याला निघायची खूणच मिळत नाही.

कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळात तयार झालेली मुलं घेतलीत तर पाय, दम आणि मनगट आयतं मिळेल. फक्त त्यांचा हात गोल फिरत वार पलीकडे नेतो आणि तलवारीचं टोक क्वचितच समोर राहतं. इथे वार थांबवायचा असतो आणि टोक बहुतेक वेळ समोरच्याच्या कमरेकडे रोखलेलं असतं. पहिले काही दिवस नुसता वार हवेत थांबवण्याचा सराव त्यांना द्या: खुंटीला टांगलेल्या कागदापासून चार बोटांवर पातं थांबलं पाहिजे आणि कागद हलता कामा नये.

पाच पॅरी

दोघेही उजवे आहेत असं धरून. पहिली पॅरी डाव्या कमरेला, हात वर आणि टोक खाली. दुसरी उजव्या कमरेला, टोक खालीच. तिसरी उजव्या खांद्याला, टोक वर. चौथी डाव्या खांद्याला, टोक वर. पाचवी डोक्यावर, पातं आडवं, कपाळाच्या पुढे आणि वीतभर वर. पातं थेट डोक्यावर धरलं तर जोराच्या वारात ते खाली दबून टाळूवर बसतं, म्हणून ‘पुढे आणि वर’ हे दोन्ही शब्द सरावात ओरडून सांगावे लागतात.

पॅरी मुठीजवळच्या तिसऱ्या हिश्शाने घ्यायची. तिथे पातं ताठ असतं. टोकाकडच्या भागाने घेतली तर पातं मागे ढकललं जातं आणि वार आत येतो. पॅरी झाल्यावर अर्धा क्षण पाती चिकटलेली राहू द्या. पोलाद पोलादाला भिडलं आहे हे प्रेक्षकाला त्या अर्ध्या क्षणात दिसतं. लगेच हात काढला की कसरत वाटते.

चार तुकडे

सलग पन्नास चाली कोणाच्याच लक्षात राहत नाहीत आणि प्रेक्षकालाही त्या वेगळ्या दिसत नाहीत. पाच ते सात चालींचा तुकडा करा, मग थांबा. थांब्यात श्वास, नजर, एखादं वाक्य. संवाद फक्त थांब्यातच. वार करताना बोलणाऱ्याचा वार किंवा शब्द, दोन्हींपैकी एक ढिला पडतो. प्रत्येक तुकड्यानंतर वरचढ कोण हे बदललेलं असावं. तसं नसेल तर तो तुकडा कापून टाका.

पहिल्या तुकड्यात खलनायक चढाई करतो. डावा खांदा, उजवा खांदा, डावी कंबर, उजवी कंबर, डोकं. पॅरी अनुक्रमे चार, तीन, एक, दोन, पाच. हा क्रम मनगटाला नैसर्गिक जातो कारण वार आळीपाळीने सरळ हाताने आणि उलट्या हाताने येतात. प्रत्येक वाराला नायक एक पाऊल मागे. या तुकड्यात मागे जाणारा नायक आहे, म्हणजे लगाम कच्च्या हातात आहे. म्हणून हाच सगळ्यांत सावकाश ठेवायचा. कथेलाही ते चालतं, दोघं एकमेकांना जोखत असतात.

पाचव्या पॅरीवर दोघं मुठीला मूठ भिडवून जवळ येतात. हे चित्र सगळ्यांना हवं असतं आणि चेहऱ्याला इजा होते ती इथेच. नियम दोन. पाती उभी आणि दोघांच्याही चेहऱ्यांपासून बाहेरच्या बाजूला कललेली. आणि मोकळ्या हाताने एकमेकांचं तलवारीचं मनगट धरलेलं. धक्का देणारा देण्याचा अभिनय करतो, मागे जायची उडी धक्का खाणाराच मारतो.

दुसऱ्या तुकड्यात नायक सरसावतो: डावा खांदा, उजवा खांदा, पुन्हा डावा खांदा. खलनायक तीन पावलं मागे जाऊन एकदम कमरेकडे टोकाचा वार करतो, नायक दुसऱ्या पॅरीने तो बाहेर झाडतो, आणि दोघं अर्ध्या वर्तुळात जागा बदलतात. ही अदलाबदल विसरू नका. नाहीतर सगळं द्वंद्व एकाच रेषेवर पुढे-मागे होतं आणि पार्श्वभूमीही तीच राहते.

तिसऱ्यात एक, फक्त एकच, चकवा. डोक्यावरून जाणारा आडवा वार घ्या किंवा पायाखालून जाणारा. दोन्ही घेतले की दुसऱ्याची मजा जाते. डोक्यावरच्या वाराला वाकणारा आधी वाकतो. त्याचं डोकं आपल्या छातीच्या खाली गेलेलं दिसल्याशिवाय वार सुटत नाही. उडीच्या वारातही उडी आधी. हे उलटं बसवलं तर एखाद्या दिवशी वेळ चुकते, आणि तो दिवस नेमका शूटिंगचा असतो.

चौथा तुकडा सर्वांत वेगवान आणि सर्वांत छोटा. नायकाचे दोन झपाट्याचे वार, खलनायक दोन पावलं मागे, मग खलनायकाचा लांब, अधाशी लंज. नायक डावीकडे एक पाऊल बाजूला होतो, टोक रिकाम्या जागेतून जातं, आणि शेवटचा वार.

सगळ्या चाली कागदावर उतरवा: डावीकडे वार करणारा, मध्ये लक्ष्य आणि पॅरी, उजवीकडे पावलं. आधी चालण्याच्या निम्म्या वेगाने, मग लढाईच्या पूर्ण वेगाच्या अर्ध्याने, मग पाऊण वेगाने. पाऊण वेगच शेवटचा. त्यापुढे गती वाढवली तर आकार मोडतात आणि पडद्यावर नुसती गडबड दिसते. एका तुकड्याला निदान तीन दिवस, रोज तासभर द्या, आणि चौथा तुकडा सगळ्यांत आधी शिकवा. तो थकलेल्या अंगाने करायचा असतो, म्हणून तोच जास्त मुरायला हवा.

थांबवण्यासाठी संवादात नसलेला एक शब्द ठरवा. ‘थांब’ चालणार नाही, तो संवादात येतोच, ‘होल्ड’ बरा. तो कोणीही उच्चारू शकतो, अगदी चहा देणारा मुलगाही, आणि तो ऐकताच दोन्ही टोकं जमिनीकडे. चाल विसरली तर टोक खाली, दोन पावलं मागे, आणि पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीपासून. मधूनच काहीतरी जुळवून घ्यायला जायचं नाही.

शेवटचा वार

पातं शरीराच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या बाजूने, दंड आणि बरगड्यांच्या मधून जातं. मरणाऱ्याने कोपर आधीच चार बोटं बाहेर काढून ती खिडकी उघडलेली असते. मारणारा तिथे बघूनच टोक सरकवतो, सावकाश, आणि थांबतो. थांबल्यावरच मरणारा कोपर मिटतो. वार लागल्याचं सगळं काम मरणाऱ्याच्या पोटाचं आहे: पोट एकदम आत, श्वास बाहेर, खांदे पुढे, मग दोन क्षण पूर्ण स्तब्ध. बहुतेक जण आधी चेहरा वाकडा करतात आणि पोट विसरतात, म्हणून मरण नाटकी होतं. पातं ज्या रेषेत गेलं त्याच रेषेत बाहेर. ते पूर्ण बाहेर येऊन मारणारा एक पाऊल मागे गेल्याशिवाय मरणाऱ्याने खाली जायचं नाही.

पडताना तलवार आधी सोडायची, हात बाजूला नेऊन, गुडघ्याच्या उंचीवरून. मग गुडघे, कुल्ह्याची बाजू, कूस, खांदा. हात टेकवून पडणारा मनगट मोडून घेतो. रंगमंचावर प्रेक्षक एकाच बाजूला असल्याने ही सगळी जुळवाजुळव कायमची ठरते. बाजूच्या रांगांतून दोघांमधली फट दिसत नाही ना, हे तिथे स्वतः बसून पाहा.

किनारा

‘कॅप्टन ब्लड’चं द्वंद्व कॅलिफोर्नियातल्या लगूना बीचला चित्रित झालं. तो किनारा पश्चिमेचा आहे, आपल्या कोकण-गोव्यासारखा. म्हणजे उजेडाचं गणित तेच: सकाळी सूर्य पाठीमागच्या डोंगरातून येतो आणि समुद्राकडे पाहताना चेहरे उजळ असतात, दुपारनंतर समुद्राकडे कॅमेरा केला की माणसं काळी पडतात. चेहऱ्यांचे शॉट सकाळी, छायाकृती संध्याकाळी.

सुकी वाळू द्वंद्वाची वैरीण. पाय रुततो, लंज अर्धाच होतो, घोटा मुरगळतो. लागते ती पाणी नुकतंच सोडून गेलेली ओली, घट्ट पट्टी. भरती संपून तासभर झाल्यावर सुरू करा, पुढचे तीन-साडेतीन तास पट्टी रुंदावत जाते आणि वर पावलांचे ठसे नसलेली कोरी वाळू मिळत राहते. भरतीपासून ओहोटीला सव्वासहा तास धरा आणि दर दिवशी वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे जाते हे लक्षात ठेवून तारीख निवडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी फार आत-बाहेर होतं, दोन टेकमध्ये किनाऱ्याची रेषाच बदलते. अष्टमीच्या सुमारचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, बरा, पाणी सुस्त असतं. तारीख ठरवण्याआधी गावातल्या कोळ्यांना विचारा. कुठली वाळू वरून घट्ट आणि आत पोकळ आहे ते कोष्टकात लिहिलेलं नसतं.

ओल्या वाळूत ठसे राहतात. पहिल्या टेकनंतर पट्टी उकरलेली दिसते आणि जोडणी चुकते. दोन दाताळी, चार बादल्या आणि एक माणूस एवढ्याच कामाला ठेवा. कातळावर शेवाळ असतं, तिथे फक्त उभे पवित्रे आणि एखादी पॅरी. लंज, उडी, वाकणं काहीही नाही. बुटांना रबरी तळ लावून घ्या. झालरीच्या बाह्या मनगटाला आतून इलॅस्टिकने बांधा, नाहीतर त्या समोरच्याच्या परजेत, म्हणजे मुठीवरच्या कवचात, अडकतात. म्यान आणि खांद्यावरचा पट्टा लढण्याआधी काढून फेकण्याची कृती प्रसंगातच घाला. मोकळं लटकणारं म्यान पायात येतं.

लाट अंगावरून जाण्याचा शॉट शेवटी घ्या, कारण त्यानंतर कपडे वाळत नाहीत. गुडघ्याखालच्या उंचीची लाट, मरणाऱ्याचे पाय समुद्राकडे, डोकं किनाऱ्याकडे, तोंड थोडं वळलेलं, आणि चौकटीच्या लगेच बाहेर दोन माणसं उभी. पावसाळ्यात हा शॉट घेऊच नका.

कॅमेरा

दोघांमधली वीतभर फट लपवायची तर कॅमेरा दूर न्या आणि लांब लेन्स लावा. पूर्ण फ्रेमच्या कॅमेऱ्यावर ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स मागचं-पुढचं अंतर दाबते आणि वार अंगावर आल्यासारखा दिसतो. २४ मिलिमीटरची रुंद लेन्स बाजूने लावली तर प्रत्येक फट उघडी पडते. तिचा उपयोग एकच, टोक लेन्सकडे येताना. त्या वेळी कॅमेऱ्यासमोर ५-६ मिलिमीटरची पॉलीकार्बोनेटची काच उभी करा, कॅमेरामनला बाजूला घ्या आणि मॉनिटरवर पाहा.

मास्टर शॉट डोक्यापासून पायापर्यंत, सलग एक तुकडा. चौकटीतून पाय कापले की तलवारबाजी संपली, उरले ते हातवारे. जुन्या चित्रपटांची ही सवय आजही उचलण्यासारखी आहे. मास्टर आधी घ्या, अंग ताजं असताना. एक टेक तीस सेकंदांच्या पुढे नेऊ नका, नंतर पाच मिनिटं बसू द्या. दमलेला माणूस वार थांबवत नाही, सोडून देतो. दर सत्राआधी सगळं द्वंद्व एकदा अर्ध्या वेगाने, एकदा पाऊण वेगाने करवून घ्या, कितीही घाई असली तरी.

शटर एक पन्नासांशच्या आसपास ठेवा. कडक उन्हात ते दोनशेवर नेलं तर पातं तुटक तुटक उडतं. त्याऐवजी लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावा. वेग वाढवायची जुनी युक्ती म्हणजे कमी फ्रेमने चित्रित करणं. २४ फ्रेमच्या टाइमलाइनसाठी २२ ने घेतलं तर सगळं सुमारे ९ टक्के वेगवान दिसतं, २० ने घेतलं तर २० टक्के. २२ च्या खाली जाऊ नका. माणसं एक वेळ खपतात, मागच्या लाटा आणि उडणारी केसांची बट चोरी पकडून देतात.

नटाला तलवार येतच नसेल तर

‘द सी हॉक’मध्ये खलनायक झालेल्या हेन्री डॅनियलला तलवारबाजी जमत नव्हती. तरी ते द्वंद्व आजही गाजतं, कारण ते तीन तऱ्हांनी शिवलेलं आहे. चेहरा दिसतो तिथे चौकट छातीपर्यंत आणि हालचाल एका-दोन चालींची. पूर्ण आकृती दिसते तिथे बदली तलवारबाज, लांबून किंवा पाठमोरा. आणि उरलेल्या जागी भिंतीवरच्या सावल्या. त्याच दिग्दर्शकाने, मायकेल कर्टीझने, ‘रॉबिन हूड’मध्येही (१९३८) सावलीचं द्वंद्व खांबावर पाडलं होतं, त्याला ती हौसच होती.

सावली हवी तर एकच उघडा, लहान तोंडाचा दिवा घ्या, पुढे कागद-कापड काही नको. पसरट उजेडात कडा मऊ होऊन तलवार विरघळते. दिवा जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर. लढणाऱ्यांनी भिंतीला समांतर रेषेत लढायचं, तरच सावलीत पाती वेगळी दिसतात. दिव्याजवळ गेलेल्याची सावली वाढते, म्हणून वरचढ माणसाला दिव्याच्या बाजूला ठेवा. सावलीत बदली माणसाची उंची खपते, पण टोपी आणि केसांची रेषा खपत नाही, ती जुळवा. अर्थात हे सगळं भिंतीसमोर, किल्ल्यात किंवा जहाजाच्या पोटात. किनाऱ्यावर सावलीचा उपयोग नाही, तिथे पाठमोरा बदली माणूसच कामाचा.

‘द ब्लॅक पायरेट’मधली शिडात सुरा खुपसून खाली घसरत येण्याची करामत मात्र घरी करू नका. तिथे शीड तिरकं ताणलेलं होतं, कॅमेराही त्याच कोनात कललेला होता, कापड आधी फाडून सैल टाके घातलेले होते आणि भार लपवलेल्या प्रतिवजनावर होता. साध्या शिडात सुरा कापड झपकन कापत जातो आणि माणूस खाली पडतो.

आवाज आणि संगीत

टकरीचे आवाज वेगळे ध्वनिमुद्रित करा: दोन पोलादी पाती, बंद खोली, मुठीजवळची टक्कर, मध्यावरची आणि टोकाकडची असे तीन प्रकार, प्रत्येकाचे दहा-बारा नमुने. एकच ‘खण्ण’ प्रत्येक वाराला चिकटवला की कान तिसऱ्या वेळी ओळखतो. काही पॅरी बिनआवाजाच्या सोडा आणि तिथे श्वास, वाळूवरचं पाऊल, कापडाची फडफड ऐकू द्या.

‘कॅप्टन ब्लड’चं संगीत एरिक वोल्फगांग कॉर्नगोल्डने जेमतेम तीन आठवड्यांत केलं. वेळ अपुरा पडल्याने थोडा भाग फ्रांझ लिस्ट या जुन्या संगीतकाराच्या रचनेतून घेतला, आणि म्हणून श्रेयनामावलीत आपल्या नावापुढे नुसतं ‘संगीत संयोजन’ लिहायला लावलं. त्याच्याकडून घेण्यासारखं हे की संगीत वारांमागे धावत नाही. प्रत्येक टकरीला ढोल मारलात तर कार्टून होतं. ठोका तुकड्याच्या सुरुवातीला आणि शेवटच्या वाराआधीच्या थांब्याला द्या, मधे सूर वाहू द्या. सेटवर ते संगीत लावून चित्रित करू नका, दोघेही तालात पळायला लागतात.

पॅकअप झालं की तलवारी गोड्या पाण्याने धुवा, परजेच्या आतली वाळू जुन्या ब्रशने काढा, पुसून उन्हात पाच मिनिटं ठेवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत एका रात्रीत गंज धरतो, आणि सकाळी पात्यावरची बारीक चीर त्या गंजाखाली दिसत नाही.